पाक बघणारी बोटं

बेबीताई रेझीनचा पाक बघायच्या. पाक हा त्यांचाच शब्द. साच्यात ओतलेल्या थराच्या कडेला एक बोट टेकवायचं, ते अंगठ्याला लावायचं, मग दोन्ही हळूच लांब न्यायची आणि मध्ये तार येते का ते डोळे बारीक करून पाहायचं. लाडवांचा पाक बघतात अगदी तसं. तार आली की म्हणायच्या, "हां, आता धरला." मग त्यावर दुसरा थर. घड्याळाकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. बाटलीवर छापलेले तास त्यांच्या लेखी त्या कंपनीच्या गावचे होते, रत्नागिरीचे नव्हते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. रेझीन म्हणजे दोन बाटल्यांतली दोन द्रव्यं. ठरलेल्या मापात एकत्र ढवळली की हळूहळू काचेसारखी घट्ट होतात, आणि आत ठेवलेलं फूल, शिंपला, पान, जे काही असेल ते जागच्या जागी राहतं. आमच्याकडच्या दमट हवेत मात्र ते आपल्या मर्जीने वागतं. कधी दुधासारखं पांढुरकं होतं, कधी आठवडाभर चिकटच. जाड काम थराथराने ओतावं लागतं आणि खालचा थर अर्धवट धरलेला असतानाच वरचा ओतायचा असतो. ती वेळ बेबीताईंच्या बोटांना कळायची. पुस्तकात वाचून येणारी ती गोष्टच नाही.

रत्नागिरीच्या नाचणे भागातल्या उतारावर त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून त्या मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या. त्यांचं खरं नाव मला रेशनकार्डावर पाहिल्यावर कळलं आणि लगेच विसरायलाही झालं. भाऊ अण्णा मुंबईला नोकरीला. अण्णांची बायको गेली तेव्हा मुलगी पाळण्यात होती. ती ऋता. तिला बेबीताईंनीच वाढवलं. "माझा लग्न?" त्या म्हणायच्या, "ता राहिलाच गो, दुधाच्या बाटल्या उकळता उकळता." हे सांगताना रडका सूर नसायचा. बस चुकली असं सांगावं तसं सांगायच्या.

उन्हाळ्यात आंबापोळी, फणसपोळी, मग कोकमं, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता. रेझीन घरात आलं ते ऋतामुळे. कॉलेजात असताना तिने फोनवर बघून साहित्य मागवलं, किल्लीला लावायचे दोन बदाम केले आणि कंटाळली. बेबीताईंना वाया जाणं खपत नसे. "वस्तू आणली तर संपवायची, नायतर आणायची कशाला?" असं म्हणून त्यांनी बाटल्या ताब्यात घेतल्या. पहिल्या खेपेला आंबापोळी घालतात तसं स्टीलच्या ताटाला खोबरेल लावून ओतलं. ते जे बसलं ते बसलंच. त्या ताटात पुढे कोणाला जेवता आलं नाही. पण बाई मागे हटणारी नव्हती. साचे आले, गुंजा आल्या, भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावरचे शिंपले आले, आणि वर्षभरात पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग लग्नातल्या हारांचं काम सुरू झालं. नवरानवरीने एकमेकांना घातलेले हार सुकवायचे, फुलं साच्यात मांडायची आणि रेझीनमध्ये कायमची धरून ठेवायची. आमच्याकडे रिवाज म्हणजे हार वाहत्या पाण्यात सोडायचे. एका आजीबाईंनी त्यावरून त्यांना हटकलं तेव्हा या म्हणाल्या, "पाण्यात कुजायचा तो पडवीत राहिला तर देव काय रागवायचा नाय." राजापूर, लांजा, पावस, कुठून कुठून मुली स्टीलच्या डब्यात हार घेऊन एसटीने यायच्या. एकीचा नवरा बोटीवर होता. तो जायच्या आत हवं म्हणून ती हटून बसली. बेबीताईंनी डबा तिच्यासमोर उघडला. "ह्या फुलात अजून पाणी हाय. ओला फूल घातला तर बाहेरून महिनाभर हसता, आतून काळा पडता. नवऱ्याला सांग, बोटीवर फोटो बघ." मुलगी रुसली, पण डबा ठेवून गेली.

त्या दिवसांतल्या बेबीताई मला फार आवडायच्या. कमरेला पदर खोचलेला, केसांत कसलीतरी चमकी अडकलेली, आणि बोलण्यात एक नवा ताठा. आजवर त्या अण्णांची बहीण, ऋताची आत्या होत्या. आता लोक 'ते हारवाल्या बेबीताईंचं घर' म्हणून पत्ता सांगत. त्यांना ते कळत होतं. ऋताचं लग्न पोफळी गावच्या एका मुलाशी ठरलं, वीज प्रकल्पात नोकरी, कॉलनीत क्वार्टर. तेव्हा त्या गडग्यावर हात ठेवून मला म्हणाल्या, "सगळ्यांचे केले. आता माझ्या पोरीचा करीन. मग काय नाय करायला मिळाला तरी चालेल." माणसाने असं बोलू नये.

साहित्यासोबत हातमोजे यायचे. बेबीताईंनी ते जपून ठेवले होते, सुरण चिरायला. सुरणाने हाताला खाज सुटते, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत. रेझीन ही त्यांच्या मते पाकाच्या जातीची वस्तू, आणि पाकाला कोण हातमोजे घालतं? मी बोलले तर म्हणाल्या, "त्यातून कळत नाय काय. आंधळ्याला गॉगल दिल्यासारखा होता."

पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यात लाल पुरळ आलं तेव्हा त्यांनी पित्त ठरवलं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं, हे कोकणात आईच्या दुधाबरोबर शिकवतात. त्यांनी चोळलं. बरं वाटलं. पुन्हा कामाला बसल्या. मग बांगड्यांवर आळ आला, मासळी बंद झाली. मग साबण बदलला. मग कोणीतरी दृष्ट काढायला सांगितलं, तीही काढली. वाटीभर आमसुलं भिजत घातलेली पडवीतच असायची. एका हाताने पाक बघायचा, दुसऱ्या हाताने पाणी लावायचं. एवढं सगळं तपासलं, पण समोरच्या दोन बाटल्यांवर त्यांचा संशय कधी गेला नाही. ज्याने मान मिळाला त्याच्यावर संशय घेणं सोपं नसतं. एके सकाळी त्या गडग्यापाशी आल्या तेव्हा पापण्या सुजून डोळे मिटले होते आणि बोटांना भेगा पडून पाणी येत होतं. मी त्यांना रिक्षात घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, नीट समजावून बोलले. रेझीन उघड्या कातडीला सारखं लागत राहिलं की शरीर ते वैऱ्यासारखं ओळखायला लागतं, आणि एकदा ओळखलं की विसरत नाही. पुढे नुसत्या वासानेही त्रास होऊ शकतो. बेबीताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पथ्य किती दिवस पाळू?"

"कायमचं," डॉक्टर म्हणाले.

"कायमचा नको. पोरीचा लग्न हाय. त्याच्यानंतर पाळते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा राग आला, डॉक्टरांचा नव्हे, बेबीताईंचा. पण तो राग रिक्षात बसेपर्यंतसुद्धा टिकला नाही. त्या मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसल्या होत्या, दुसऱ्याचे हात सांभाळायला दिल्यासारखे.

चैत्रात लग्न झालं. ऋताच्या हारात त्यांनी स्वतः सुरंगीच्या कळ्या ओवून घेतल्या होत्या. ऋता सासरी गेली, हार मागे राहिला, महिनाभर सुकला. ओतायचं मी, असं आमचं ठरलं. हातात दोन-दोन मोजे, तोंडाला मास्क, पडवीची खिडकी सताड उघडी, आणि बेबीताई बाहेर अंगणात फणसाखाली खुर्ची टाकून. त्या तिथून सांगायच्या, मी करायचं. "घाई नको गो. जोरात ढवळलंस तर बुडबुडा धरतो." "कडेचा खरवडून घे. भांड्याला राहता तोच कच्चा राहतो." शाळेत मी पोरांना जितकी ओरडते त्याची सगळी फेड त्या दिवशी झाली. पहिला थर ओतला आणि दोघी सुटलो.

दुसऱ्या थराची वेळ आली तेव्हा गाडी अडली. त्यांनी बाहेरून विचारलं, "तार येते?" मी मोज्यातल्या बोटाने दाबून पाहिलं. रबरच रबराला चिकटत होतं. रेझीन चिकटतंय की मोजा, मला कळेना.

"येते बहुतेक," मी म्हटलं.

"पाकात बहुतेक नसता गो."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पदर नाकाला बांधून त्या आत आल्या. मी आडवी आले, त्यांनी मला हाताने बाजूला केलं. साच्यावर वाकून सुरंगीच्या कळ्यांकडे पाहिलं, आणि भेगा पडलेलं बोट कडेला टेकवलं. अंगठा लावला. हळूच लांब नेला. त्यांचा चेहरा किती दिवसांनी सैल झालेला मी पाहिला. "हां. धरला. आता ओत," म्हणाल्या, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना. छातीतून शिट्टी वाजत होती. हॉस्पिटलात दाखल केलं, अण्णा मुंबईहून आले. जीव वाचला. हात मात्र वाचले नाहीत. कातडी भरायची, पुन्हा फाटायची. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आंबापोळीला हात घातला तर आंब्याचा चीक आणि रस भेगांत असा झोंबला की पातेलं तिथेच टाकून त्या मोरीवर पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. कोकमंही गेली. जे नवं शिकल्या ते तर गेलंच, पण जे आईकडून आलं होतं तेही सोबत घेऊन गेलं. पडवी रिकामी झाली. अण्णा म्हणाले, आता घरात निवांत बस. "निवांत म्हंजे काय करायचा असता, ता तरी सांग," त्या म्हणाल्या.

हार छान झाला. पोफळीला ऋताच्या बैठकीत लावलेला आहे. आता थोडा पिवळा पडू लागलाय, रेझीन तसं पडतंच. बेबीताईंना कोणी हे सांगितलेलं नाही.

ऋता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, इथेच. मुलगी झाली. बाळाला तेल लावणं, पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, हे ज्या घरात आत्याने केलं असतं त्या घरात रोज सकाळी बाहेरची बाई येऊ लागली. बेबीताई मोरीच्या दाराशी स्टुलावर बसायच्या. हातांना मलम आणि त्यावर पांढरे सुती मोजे. "टाळूवर तेल जास्त घाल. मानेखाली हात दे," एवढं त्या सांगायच्या. बाई हो म्हणायची आणि तिच्या पद्धतीनेच करायची.

एकदा मी शाळेत जाता जाता डोकावले. बाळाला धुरी देऊन दुपट्यात गुंडाळलं होतं. ऋताने ते आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती चहा करायला आत गेली. बेबीताईंनी मोज्यातलं बोट बाळाच्या गालावरून नेलं, पुन्हा नेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू हात लावून बघ गो. मऊ हाय काय?"

मी बाळाच्या गालाला बोट लावलं. "हो," म्हटलं, "मऊ आहे."

"कसा?" त्यांनी विचारलं.

मी बोट पुन्हा बाळाच्या गालावर ठेवलं आणि शब्द शोधू लागले.