अंगणातून बोललेला ट्रंक कॉल

"फोनला तोंड लावायचं नाही. मलाही त्यातच बोलायचं असतं."

वकिलीची सनद मिळून तिसऱ्याच दिवशी माझ्या सीनियरांनी हे सुनावलं. कोल्हापुरातलं नावाजलेलं ऑफिस. मी गडहिंग्लजकडच्या खेड्यातला, गावकुसाबाहेरचा. अंगावर काळा कोट चढला, तोंड मात्र त्याच जातीचं राहिलं. मी 'बरं' म्हणालो. त्या 'बरं'ची अजून शिसारी येते.

एका सोमवारी गावाहून ट्रंक कॉल आला. गावात एकच सरकारी फोन, तोही पाटलाच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत. आमच्या माणसांनी ती पायरी चढायची नाही. म्हणून माझी थोरली बहीण, अक्का, अंगणातून सांगणार आणि पाटील फोनमध्ये बोलणार. इकडं रिसीव्हर कारकुनाच्या कानाला, मी हात बांधून उभा. बहीण-भाऊ दोन टोकांना, आणि बोलत होते दुसरेच दोघं! कॉलची तीन मिनिटं संपली. कारकून म्हणाला, आई जरा आजारी आहे, सवडीनं ये म्हणतात.

मी शनिवारी गेलो. आईला माती देऊन तीन दिवस झाले होते.

अक्का एवढंच म्हणाली, "मी म्हणलं हुतं, आत्ताच्या आत्ता ये. ती तुजं नाव घेतीया. पाटलानं काय सांगितलं रं?"

कारकुनानं दिलेला निरोप मी तिला जसाच्या तसा सांगितला: सवडीनं ये.

परत येऊन मी ऑफिसच्या कपाटातलं टेलिफोनच्या नियमांचं पुस्तक काढलं. सरकारी फोन पैसे देईल त्या कुणालाही खुला. जात कुठंच नव्हती. मी टेलिफोन खात्याकडं पाटलाची तक्रार टाकली. पाटील निघाला सीनियरांचाच पक्षकार. ते म्हणाले, पंधरा दिवसांत मागं घे, नाहीतर ऑफिसात येऊ नकोस. त्याच आठवड्यात अक्काचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. रोज दिवस मावळताना पाटलाची दोन माणसं दारात येऊन बसतात. बोलत काहीच न्हाईत.

घाबरलो. खोटं कशाला सांगू? रात रात झोप नाही. पण 'बरं' म्हणायचं संपलं होतं.

अक्काला कळवलं, बुधवारी अकराला पाटलाच्या दारात उभी राहा. त्या सकाळी मी एक्स्चेंजला पी.पी. कॉल नोंदवला. म्हणजे ज्याचं नाव दिलं त्यानंच फोनवर यायचं, दुसरं कुणी चालत नाही. मी अक्काचं पूर्ण नाव दिलं.

घंटी वाजली. कारकुनाच्या आधी मी रिसीव्हर उचलला आणि तोंडाला लावला. सीनियर खुर्चीतून उठले.

"ठेव तो."

मी ठेवला नाही. तिकडून पाटील सांगत होता, बाई न्हाय हितं, निरोप माझ्याजवळ द्या. ऑपरेटर बाई म्हणाल्या, नावाचंच माणूस पाहिजे. मग नुसती खरखर. मग कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"मी हाय," अक्का म्हणाली. "पायरी चढून सोप्यात आलीया. भायेर लई माणसं जमल्यात."

"जमू दे. तू बोल."

त्याच दुपारी सीनियरांनी मला ऑफिसातून काढलं. अक्काच्या दारात दोनाची चार माणसं बसायला लागली, तेव्हा मी दुसरी तक्रार टाकली. टेलिफोनच्या कायद्याचा वकील मी असा झालो. जोवर आमच्या एखाद्या जरी माणसाला फोनसाठी अंगणात उभं करतात, तोवर हा कोट खुंटीला लागणार नाही.