टेलिफोनवाल्या वन्सं

आमच्या वन्सं कुणाचा नकार म्हणून ऐकून घेत नसत. समोरचा माणूस 'नाही' म्हणाला की त्या भांडत नसत, आवाजही चढवत नसत. उलट तो आणखी मऊ करून विचारत, "आपलं नाव काय म्हणालात?" बस्स, एवढंच. आणि एवढ्यावरच पुष्कळांच्या 'नाही'चं 'बघतो' व्हायचं. टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर बसून लोकांचे कॉल जोडून देण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. लाइन लागत नाही म्हणून सोडून द्यायची, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

माझ्या यजमानांपेक्षा त्या बऱ्याच मोठ्या. लग्न केलं नव्हतं. मुलुंडच्या ब्लॉकमध्ये त्या आमच्याबरोबर राहत, असं लोक म्हणायचे. खरं तर आम्हीच त्यांच्याकडे राहत होतो. खात्याच्या कृपेने अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन फक्त आमच्याकडे होता, म्हणून त्या सगळ्यांच्या 'टेलिफोनवाल्या' झाल्या. मी वेंगुर्ल्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची धास्तीच वाटायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "शुभा, या घरात कुढायचं नाही. काय असेल ते तोंडावर बोल. मी दिवसभर कान देऊन ऐकायचं काम करते, तुझंही ऐकीन."

माझा केदार साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर बघायचा नाही. फिरत्या पंख्याकडे एकटक बघत बसायचा. जिन्यात जाऊन सगळ्यांच्या दारातल्या चपला एका ओळीत लावायचा आणि कुणी ती ओळ मोडली की जमिनीवर डोकं आपटून घ्यायचा. गावी देवाला गाऱ्हाणं घालून झालं, अंगारे झाले. मग एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी केदारकडे धड पाहिलंही नाही. मला म्हणाले, "आईचा ओलावा कमी पडला की मुलं अशी होतात."

मी घरी आले ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी वन्सं ड्युटीवरून आल्या, त्यांना हे कळलं. चिडल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची. "त्या मेल्याक काय म्हायती? ऊठ गो. तूच अशी निजलंस तर पोराक कोण बघतलो?" मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "राँग नंबर लागला होता. आता दुसरा लावू."

दुसरा लावू म्हणजे त्यांनी खरोखरच लावला. मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या मुली त्यांना आवाजाने ओळखत. कुणाचं सासर, कुणाची बदली, सगळं वन्संना माहीत. त्या मुलींनी दुपारच्या सुट्टीत त्यांना एकेका डॉक्टरशी जोडून दिलं. वन्सं प्रत्येकाला तेच सांगत: मुलगा बहिरा नाही, मठ्ठ नाही, पण आपल्यातच असतो. बरेच जण 'मोठा होईल तसा सुधारेल' म्हणाले. अखेर एका म्युनिसिपल हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घेऊन या."

त्यांनी केदारला अर्धी सकाळ खेळू दिलं, नुसतं पाहिलं आणि मग 'ऑटिझम' हा शब्द सांगितला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी हेही सांगितलं, की यात आईचा काही दोष नसतो. मी तिथेच रडले. वन्सं मात्र पुढच्या कामाला लागल्या. "औषध काय?"

"औषध नाही. बिहेवियर थेरपी. एकेक गोष्ट तुकडे तुकडे करून शिकवायची, जमली की लगेच बक्षीस द्यायचं. पण ते करणारं माणूस मिळायला हवं."

"मिळेल," वन्सं म्हणाल्या. जणू कुणी त्यांना कलकत्त्याची लाइन मागितली होती.

माणूस मिळालं घाटकोपरला. भावनाबेन. पंचविशीची गुजराती मुलगी, हे शिक्षण परदेशात घेऊन आलेली. वडिलांच्या ब्लॉकमधल्या एका बेडरूममध्ये ती चार मुलांना शिकवायची. आठवड्यातून तीनदा जायचं होतं आणि फी माझ्या यजमानांच्या वर्कशॉपच्या पगारात बसणारी नव्हती. वन्सं म्हणाल्या, "मी रविवारची ड्युटी मागून घेते. डबल पगार मिळतो. नाहीतरी रविवारी घरी बसून मी काय करते? तुमची भांडणं ऐकते."

पहिल्या दिवशी भावनाबेनने विचारलं, "केदारला शुं गमे छे, काय आवडते? चॉकलेट? चिवडा?" मला काही सांगता येईना. त्याला खाण्यातलं काहीच आवडत नव्हतं. वन्सं चटकन म्हणाल्या, "डायल. फोनची डायल फिरवली की परत येताना जो आवाज होतो ना, तो." आई असून ते मला कधी दिसलं नव्हतं. आठवड्याभरात त्यांच्या एक्स्चेंजमधले टेक्निशियन नाईक एक जुनं, वायर काढलेलं फोनचं यंत्र दुरुस्त करून घेऊन आले. मग सुरू झालं. केदार खुर्चीत क्षणभर बसला, की एकदा डायल. भावनाबेनच्या डोळ्यांकडे पाहिलं, की एकदा डायल. महिन्याभराने भावनाबेनचा सबंध पाढा म्हणून होईपर्यंत तो बसायला लागला. डायल झिजली की नाईक येऊन दुरुस्त करून जायचे आणि चहा जरा जास्तच वेळ प्यायचे.

वर्षभराने भावनाबेनच्या वडिलांनी हात टेकले. घरात आरडाओरडा, शेजाऱ्यांच्या तक्रारी. वर्ग बंद करायचा ठरला. केदार नुकताच 'पाणी' म्हणायला लागला होता. त्या रात्री मी भरल्या ताटावरून उठले. वन्सं शांतपणे जेवल्या आणि म्हणाल्या, "आपल्या तळमजल्यावरची सोसायटीची खोली रिकामीच आहे की. मखराचं सामान आणि मोडक्या खुर्च्या. भावनाबेनला तिथे बसवू. तिला जागा मिळेल, केदारची फी माफ होईल, आणि तू तिच्या हाताखाली राहून सगळं शिकून घे."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी सामंत उभे राहिले. "आमचा सहानुभूतीला विरोध नाही. पण अशी मुलं रोज बिल्डिंगमध्ये येणार, म्हणजे लहान मुलांना भीती, आणि ब्लॉकच्या किमतीचं काय? नाही जमायचं."

वन्संनी पदर सारखा केला. "आपलं नाव काय म्हणालात?"

"अहो, काय चेष्टा करता? दहा वर्षं शेजारी आहोत!"

"ओळखते ना. पण मिनिट्समध्ये लिहायचं आहे, मुलांना खोली द्यायला अमुक यांनी विरोध केला म्हणून. पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या नावासकट."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे गद्रे म्हणाले, "अरे, तो पोरगा रोज माझ्या चपला नीट लावून ठेवतो. माझा नातू फेकून देतो. भीती कसली घ्यायची?" सामंत खाली बसत म्हणाले, "विरोध असं नाही, मी आपली सूचना मांडली." खोली मिळाली. गणपतीच्या आत तिला रंगही लागला आणि तो लावून घेताना सामंतच देखरेख करत होते.

त्या खोलीत वर्ग बरीच वर्षं चालला. मी भावनाबेनची मदतनीस झाले, पुढे स्वतः मुलं घ्यायला लागले. अंधेरीपासून ठाण्यापर्यंतच्या आया यायच्या. नव्या आईला वन्सं चहा देऊन पहिल्यांदा एकच गोष्ट सांगत, "तुझं काही चुकलेलं नाही. आता रड आणि मग आत ये." केदार मोजकं बोलायला लागला, स्वतः आंघोळ करायला लागला, माझ्याबरोबर बाजारात जाऊन सुट्टे पैसे परत घ्यायला शिकला. सगळ्या मुलांसारखा तो झाला नाही. होणार नव्हताच. पण त्याचं आयुष्य त्याला जगता यायला लागलं.

केदार बारा वर्षांचा असताना नाईकांनी वन्संना लग्नाचं विचारलं. ते विधुर होते, बोरिवलीला राहायचे. एकदा मान वर न करता भाजी निवडत वन्संनी मला हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "मी नाही म्हणून सांगितलं. या वयात कसलं लग्न? आणि केदारचं काय?"

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "केदारची आई मी आहे, वन्सं. मला सगळं येतं आता. तुमच्यावाचून अडेल असं काही शिल्लक ठेवलंयत का तुम्ही?"

त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. मला वाटलं, दुखावल्या. मग त्या मोठ्याने हसल्या. "तोंडावर बोलायला शिकलीस की गं!"

वन्संनी नाईकांना होकार कळवला. आम्ही केदारकडून त्यांच्या जाण्याची तयारीही तशीच करून घेतली, तुकडे तुकडे करून. आधी नुसतं बोरिवलीच्या बिल्डिंगच्या फाटकापर्यंत जाऊन परत. मग जिना. मग नाईकांच्या घरात पाणी प्यायचं आणि निघायचं. आत्या तिथे राहील, केदार मुलुंडला येईल, हे वाक्य आम्ही रोज म्हणायचो. सुरुवातीला तो किंचाळायचा. पुढेपुढे ऐकून घ्यायला लागला. मग लग्न रजिस्टर झालं.

वन्सं वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला त्यांच्या लग्नानंतरचा पहिला रविवार दिसतो. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्यांनी सुरमई तळली होती. केदार पोटभर जेवला, हात धुऊन आला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, चला. मुलुंड." दाराशी जाऊन त्याने कडी काढली, कठड्याला धरून जिना उतरायला लागला. ना रडणं, ना ओरडणं. वन्सं दारात उभ्या होत्या. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्या बघत होत्या.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसरा होता. "एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही त्याने. छान शिकवलंस गो त्याला."

"आपण शिकवलं," मी म्हणाले, त्यांना वाकून नमस्कार केला आणि केदारच्या मागून भराभरा जिना उतरले.