पियानोचं पाणी

महिन्यापूर्वी सकाळी ताईचा फोन आला. "हे गेले गा... पाणी भरलं, अन् चहा तसाच राहून गेला." मधुकरभाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आणि नागपुरात जॅझ पियानो वाजवून अख्खं आयुष्य काढणारा मला माहीत असलेला एकमेव वेडा माणूस!

घर नागपूरच्या महाल भागातलं, वडील विणकर. सदर भागातल्या चर्चमध्ये भाऊजींनी पियानो ऐकला आणि मागावर त्यांचं मन कधी बसलंच नाही. पुढे तिथल्याच एका हॉटेलात तीस वर्षं रोज संध्याकाळी वाजवलं. गिऱ्हाईक सिनेमाचं गाणं मागायचं. भाऊजी मुखडा सरळ द्यायचे आणि अंतऱ्यापासून अशी काही आडवाट धरायचे, की मागणाऱ्याचा घास हातातच राहायचा. मध्ये दोन वर्षं मुंबईच्या बँडमध्ये होते. परत काहून आले विचारलं तर म्हणाले, "तिथं वाजवनारे शंभर हायेत गा. नागपूरले कोन हाय?" आमच्या आईनं एकदा विचारलं, हे जॅझ म्हणजे काय? "आई, भजनात तुमी एकच ओळ दहा तऱ्हेनं घोळवता न? तसंच." "मंग देवाचं नाव कधी येते?" भाऊजी हसून हसून स्टुलावरून पडायचेच बाकी होते.

आमच्या उन्हाळ्यात माणूस सुकतो, तिथं पियानोच्या लाकडाची काय कथा! लाकूड आकसतं, सूर उतरतात. म्हणून होळी झाली की भाऊजी घरच्या पियानोची खालची फळी काढून आत पाण्याचा पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवत आणि तो रोज सकाळी भरत. त्याआधी चहा नाही. ताई भडकायची, "मले कधी पानी विचारलं का? हा तर माही सवतच हाय! एक दिवस विकूनच टाकीन."

मी मूर्ख, ते खरं मानलं. तेरावं झाल्यावर गिऱ्हाईक शोधलं. हॉटेलच्या दारात शोभेला पियानो हवा असलेले एक गृहस्थ. ताईची खोली मोकळी होईल, ती खूश होईल, असं वाटलं... मागच्या आठवड्यात त्यांना घेऊन गेलो तर गुडघ्यांनी जेरीस आलेली माझी ताई चक्क जमिनीवर बसलेली. फळी काढलेली, हातात तांब्या.

"ताई, हे पियानो पाहायले आले."

"पाहू दे न मनभर. वाजवता येते का यायले?"

गृहस्थ ओशाळून नाही म्हणाले.

"मंग चहा घ्या अन् जा."

भाऊजींची त्या क्षणी फार आठवण आली. चहा मात्र गंज काठोकाठ भरल्यावरच मिळाला.