नागिणीला पाणी

आमच्याकडे शेतात मारायच्या विषाला औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषध अंगावर उडालं. मला या शब्दाचा मनस्वी राग येतो. एवढ्या सोज्वळ नावाच्या वस्तूला भिणार कोण?

धावड्याहून आईचा फोन आला, "दादाला नागीण निघाली. गेरू लावलाय. तू उगं रजा टाकू नको." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी नवीन जालन्यात शाळेत विज्ञान शिकवते, आणि आई रजा टाकू नको म्हणाली की रजा टाकायची असते, एवढं मला कळतं. कमरेला फोडांची रांग उठली की गावात तिला नागीण म्हणतात. तिची दोन तोंडं एकमेकांना मिळाली की माणूस जातो, असा समज आहे. आईचा आवाज त्याच भीतीनं कापत होता.

मी पोचले तेव्हा दादा ओसरीत बाजेवर पालथा पडला होता. पाठ गेरूनं तांबडीभडक. मला बघून म्हणाला, "बघ गं, पोळ्याचा बैल करून टाकला माझा." मी हसले. मग वाकून बघितलं आणि हसू तिथंच राहिलं.

खरी नागीण बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला असते. हे फोड कमरेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आडवे गेले होते आणि दोन्ही खांद्यांवरून पट्टे उतरले होते. पाठीवरचा फवारणीचा पंप जिथं जिथं टेकतो, तिथं तिथं. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "वायसर गेल्ता पंपाचा, गळून राह्यल्ता. तणाचं औषध मारून राह्यल्ते. सारा शर्ट भिजल्ता, ताई."

"मंग आंघोळ?"

आईनं मान ताठ केली. "नागिणीला पाणी लावत असत्यात का? बिलकुल लावू दिलं न्हाई मी."

फवारणीच्या दिवशी संध्याकाळी पाठ पेटली म्हणून दादानं बादली भरून घेतली होती. आईला फोड दिसले आणि तिनं ती बादली उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. तेव्हापासून औषध गेरूखाली मुरत होतं.

मी त्याला नळाखाली बसवलं. आई आडवी आली, रडली, मला नाही नाही ते बोलली. "जीव घेतीस का त्याचा?" तांबडं पाणी अंगणभर झालं. तशाच ओल्या कपड्यांनी आम्ही गाडी करून जालन्याला निघालो.

नववीच्या वर्गाला विकरं, म्हणजे एन्झाइम, शिकवताना मी पपईच्या चिकाचं उदाहरण देते. चीक लावला की मटण मऊ पडतं, कारण त्यातलं विकर मांसाचे धागे तोडतं. धागे तोडणारी विकरं आपल्या कातडीतही असतात, एरवी कामापुरती, गुमान. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. औषधानं पेशी जखमी झाल्या, ही विकरं मोकाट सुटली, आणि वरच्या कातडीला खालच्या कातडीशी धरून ठेवणारे धागेच कापायला लागली. मधल्या फटीत पाणी भरलं, तो फोड. म्हणजे विषानं नुसती सुरुवात केली, फोड उठवला दादाच्याच अंगानं. ते फोड फुटले, खालचं मांस उघडं पडलं आणि औषधाला रक्तात शिरायला वाट मोकळी झाली.

"लगेच साबणपाण्यानं धुतलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. आई बाहेर दाराशीच बसली होती. मी दार लोटून घेतलं.

पाठ सुकायला लागली, म्हणून आम्ही खूष झालो. श्वास मात्र रोज आखूड होत गेला. औषध फुप्फुसापर्यंत पोचलं होतं. दादासारखा बडबड्या माणूस, शेवटी शेवटी एकेका शब्दासाठी धापा टाकायचा. एके सकाळी तेही थांबलं.

दादाला धावड्याला घरी आणलं. येईल त्याला आई सांगत होती, "पाणी लावलं ना, म्हणून गेला." माझं नाव घेत नव्हती, तेवढीच मेहेरबानी. मला राग आला, फार आला. दोन वाक्यांत तिला गप्प करता आलं असतं. पण ती दोन वाक्यं ऐकून आई जगली नसती. मी काहीच बोलले नाही, आजपर्यंत नाही.

अंगणात दादाला अखेरची आंघोळ घातली. एकेकानं तांब्या ओतला. माझी पाळी आली. मी खांद्यावर पाणी घातलं आणि तांब्या कमरेशी नेला, तोच आईनं माझं मनगट धरलं.

"तिथं नको," ती म्हणाली. "एकदा लावलंस तेवढं बस झालं."

मी कमर कोरडी ठेवली आणि उरलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं.