बसल्या मापाची पँट

कुठलाही कपडा हातात आला की भाभी तो आधी उलटा करायच्या. "सुलटं समदंच देखणं असतं, बाई. अंगाला लागतं ते आतलं."

सांगलीत आमच्यापासून चौथं घर त्यांचं. तुमच्याही गल्लीत असं शिवणकाम करणारं कुणी असेल, ज्याचं नाव विचारायची वेळच कधी येत नाही. साऱ्या गल्लीच्या त्या भाभी, आणि मी शाळेत शिकवते म्हणून त्यांची 'बाई'.

चाळिशी उलटल्यावर मला सायकलचं वेड लागलं. एका दिवसात सातारा गाठायचं म्हणून निघाले आणि कराडलाच उतरले. मांड्या सोलून निघाल्या होत्या. गादीवाली चड्डी ऑनलाइन मागवलेली. ती पुरुषाच्या मापाची, शिवण नेमकी नको तिथं. सायकल एसटीच्या टपावर टाकून परत आले आणि चड्डी धुऊन भाभींपुढं ठेवली.

त्यांनी ती उलटी करून शिवणीवरून बोट फिरवलं. "कशी सोसली वो ही? जावा, सायकल आणा."

"सायकल कशाला?"

"उभ्या माणसाचं माप घेऊन बसणाऱ्याला शिवलंय हे. मी बसल्याचं घेणार."

सायकल त्यांच्या खोलीत भिंतीला टेकवली. मी वर बसून उलटे पायडल मारतेय आणि साठीच्या भाभी खाली गुडघ्यांवर, हातात खडू. "मारा, मारा, थांबू नका!"

नव्या पँटीत दोन पायांमधली शिवण त्यांनी ठेवलीच नाही. तिथं शंकरपाळ्याच्या आकाराचा सलग तुकडा बसवला. गादी रुंद केली, कंबर मागून उंच घेतली. रंगावरून मात्र आमचं वाजलं. मला काळा हवा होता, कुणाच्या नजरेत न भरणारा.

"लपायचं हाय तर हायवेला कशाला जाताय?" म्हणत त्यांनी गर्द निळं ताणाचं कापड घेतलं आणि बाजूनं हळदीच्या रंगाची पट्टी ओढली.

दुसऱ्यांदा निघाले, या वेळी सायकलवाल्या आणखी काही बायका सोबत होत्या. दर तासाला भाभींचा फोन.

"बोचतंय का?"

"नाही, भाभी."

"खरं सांगा!"

कराड मागं पडलं, उंब्रज गेलं. साताऱ्यात उतरले तेव्हा कातडीवर साधा ओरखडाही नव्हता. "भाभी, पोचले!" मी भर रस्त्यात ओरडले. पलीकडं त्या हसत होत्या की रडत, कळेना. सोबतच्या बायका माझ्या पायांकडंच बघत होत्या. पुढच्या आठवड्यात भाभींच्या दारात पाच सायकली उभ्या!

गेल्या वर्षी त्या रहिमतपूरला लेकीकडं कायमच्या राहायला निघाल्या. मशीन टेम्पोत चढलं. सकाळची फेरी मारून मी परस्पर सायकलवरूनच निरोपाला गेले होते. मला बघून त्या घाईनं आत गेल्या आणि बाहेर आल्या, तर कुडत्याखाली नवीकोरी जांभळी पँट!

"माझ्यासाठी शिवलीया. लहानपणी भाड्याची सायकल लय मारलीया मी. धरा बरं."

सीट धरून मी मागं पळाले.

"सोडा, बाई! सोडा की!"

सोडली. ओढणी कमरेला खोचलेल्या भाभी घंटी वाजवत गल्लीच्या वळणाआड गेल्या, आणि टेम्पोवाला हॉर्न मारत राहिला.