सासऱ्यांच्या नावची मनीऑर्डर

श्रावण वद्य पंचमी, शनिवार, सकाळी अकरा. ठिकाण: बीबी गाव, आमची गच्ची. हजर: सासूबाई, माझे यजमान, देऊळगाव राजाहून आलेल्या नणंदबाई आणि मी. गैरहजर: धाकटे दीर मधुभाऊजी, कारण ते तुरुंगात आहेत, आणि सासरे, कारण त्यांचंच वर्षश्राद्ध होतं.

सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं. तरी दर महिन्याला ते मधुभाऊजींना मनीऑर्डर पाठवत होते.

त्याचं असं झालं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, भाऊजींनी शेजाऱ्याचं डोकं फोडलं आणि आत गेले. तुरुंगाच्या कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं घ्यायची तर घरून पैसे लागतात. ते सासरे पाठवायचे. सासरे गेले तेव्हा भाऊजी तुरुंगाच्या दवाखान्यात छातीच्या दुखण्यानं पडलेले. "बरा झाला की सांगू," सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात मनीऑर्डरची तारीख आली. तुरुंगाच्या नोंदीत नाव सासऱ्यांचं, म्हणून मीही फॉर्मवर तेच घातलं (काम अडता कामा नये, हे माझं तत्त्व). खाली निरोपाला जागा होती. ती रिकामी सोडणं माझ्या स्वभावात नाही. लिहिलं: "१. मी ठीक. २. औषध वेळेवर घेणे. ३. तुझी काळजी वाटते."

भाऊजी बरे झाले. सांगायचं राहिलं. त्यांचा फोन आला की सासरे शेतात असायचे. भर पावसात शेतात, पोळ्याच्या दिवशीही शेतात. आणि मी दर महिन्याला त्यांच्या नावानं एक, दोन, तीन लिहीत राहिले.

तर त्या शनिवारी गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी घास ठेवला. कावळ्यानं शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. कावळे आले, सात. पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसले. एकही ओरडेना. गप्प कावळे मी आयुष्यात पाहिले नव्हते. वारा पडलेला. खाली गोठ्यात गाईनं रवंथ थांबवला होता.

"काऊन शिवून नाही राह्यले?" सासूबाई कुजबुजल्या.

"त्याईची काही इच्छा राह्यली असन," नणंदबाई म्हणाल्या.

यजमानांनी हात जोडले. "बाबा, तो धुरा सोडून देतो मी. पुन्हा भांडत नाही."

कावळ्यांनी मानही वळवली नाही.

"मी जमिनीत हिस्सा मांगणार नाही," नणंदबाई म्हणाल्या. सगळ्यात जवळचा कावळा दोन पावलं मागे सरकला. (त्याचाही विश्वास बसला नसावा.)

तेवढ्यात खालून हाक आली, "नामदेवराव, चिठ्ठी आहे!"

नामदेवराव म्हणजे सासरे. पोस्टमन नवीन होता, त्याला काय ठाऊक. पण सातही कावळ्यांनी एकदम दाराकडे पाहिलं. माझ्या हातातली पळी द्रोणात पडली.

चिठ्ठी मधुभाऊजींची होती. सासूबाई म्हणाल्या, "वाच. त्याईच्या समोरच वाच." मी टाकीकडे तोंड करून वाचली:

"बाबा, तुमच्या निरोपानं मले भेव वाटून राह्यलं. चाळीस वर्षांत तुम्ही माह्या तब्येतीचं कधी पुसलं नाही. आता दर महिन्याले पुसता, तेही नंबर टाकून. तुम्ही सपनात येता, पण पाठ करून उभे राहता. बाबा, तुम्ही बरे आहात ना? पुढच्या मनीऑर्डरीत काळजी नका लिहू. एक शिवी लिहा. मंग मी समजतो."

सासऱ्यांची शिवी घरात सगळ्यांना पाठ होती, पण त्यांच्याइतक्या मायेनं ती द्यायची कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग सासूबाई उठल्या, पदर सारखा केला आणि टाकीकडे पाहून म्हणाल्या, "आयका. तुमी गेले म्हून पोराले सांगतो आमी. लपवत नाही आता."

मधला कावळा उडाला आणि कठड्यावर येऊन थांबला. घासाकडे बघेना, सासूबाईंकडे बघत राहिला.

"कोण सांगीन, ते पुसून राह्यला," यजमान पुटपुटले.

"सूनबाई सांगते," सासूबाई म्हणाल्या. "वर्षभर तिनंच लेहलं ना?"

कावळ्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, घास उचलला आणि गेला. मागोमाग सगळे गेले. मी वरण गरम करायला घेतलं, कारण कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

त्याला आज नऊ दिवस झाले. मनीऑर्डरची तारीख उलटून गेली. तिकडे भाऊजी शिवीची वाट बघत असतील. सासूबाई रोज विचारतात, "लेहलं काय?" मी म्हणते, उद्या. फॉर्मवर पत्ता आहे, कैदी क्रमांक आहे. पाठवणाऱ्याच्या जागी या खेपेला माझं नाव यायचं आहे. मेलेल्या माणसाचं नाव वर्षभर बिनदिक्कत लिहिलं मी; स्वतःचं लिहायला बसले की पेन चालत नाही. आतापर्यंत तीन पेनं बदलून झाली.