वीस दिवसांचं पथ्य

बैहरहून सरकारी जीप आली तेव्हा मी सातवीच्या मुलींना पचनसंस्था शिकवत होते. ड्रायव्हर वर्गाच्या दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “बहनजी, बड़े बाबू नहीं रहे.” बड़े बाबू म्हणजे माझा थोरला भाऊ, कचेरीतला हेडक्लार्क. दौऱ्यावर गेला होता. दुपारी कुणाच्या तरी घरी मेजवानी झाली, हात धुता धुता छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. वय चोपन्न. याला आता सहा आठवडे झाले. लोक अजून भेटायला येतात आणि म्हणतात, एवढं पथ्य पाळणारा माणूस, देवाला दया नाही. देवाचा यात काडीचा संबंध नाही. पण मी मान हलवते, कारण खरं सांगायचं तर पहिलं बोट माझ्याकडे वळतं.

दोन वर्षांपूर्वी जिना चढताना त्याची छाती भरून येऊ लागली. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. राज्यांची फेररचना होऊन नागपूर परराज्यात गेल्याला सोळा वर्षं झाली, तरी लग्नाचा बस्ता आणि मोठं दुखणं यांसाठी आमच्याकडचं कुणी दुसरीकडे पाहत नाही. मी सोबत गेले. रात्रीपासून काही खायचं नाही, सकाळी अनशापोटी यायचं, असं तिथं बजावून सांगितलं होतं. चिठ्ठी हातात आली. कोलेस्टेरॉल तीनशे वीस, आणि शेजारी छापलेलं : दीडशे ते अडीचशे. भाऊने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “मास्तरीनबाई, पास का नापास?”

“नापास,” मी म्हणाले. मग गाडीत गोंदिया येईपर्यंत त्याला समजावलं. हा पदार्थ शरीर स्वतःही बनवतं, तेवढा लागतोच. पण तूप, साय, अंड्यातला पिवळा बलक, कलेजी यांनी तो वाढत जातो आणि बंबाच्या नळीत क्षार धरावा तसा रक्तवाहिन्यांत आतून धरतो. डॉक्टरांनी यादीच दिली होती. तूप-साय बंद, मटण बंद, करडईचं तेल तेही मोजकं, भाकरी, उसळी, पालेभाज्या, रोज तासभर चालणं. बारा महिने. “बारा महिने” खाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

वहिनीच्या घरात तुपाशिवाय स्वयंपाक म्हणजे सुतक. चिन्नोरचा भात, त्यावर वरण, आणि त्यावर वरण दिसणार नाही एवढं तूप! माया दाखवायची तिची हीच रीत. पाच महिने यादी खुंटीला टांगलेली राहिली. पुढची तपासणी जवळ आली तसा भाऊ एका सकाळी साडेनऊला माझ्या दोन खोल्यांत येऊन पाटावर बसला. “शालू, आजपासून तुह्याच इथं जेवतो. तुही वहिनी दोन परकारचं करत नाई.” वीस दिवस तो माझ्याकडे दोन्ही वेळ जेवला. ज्वारीची भाकरी, अंबाडी, मुगाचं वरण, जवसाची चटणी, लोणी काढलेलं ताक. नावं ठेवत जेवायचा. “हे ढोराले घालत असतीन,” म्हणायचा आणि अजून अर्धी भाकरी मागून घ्यायचा. आमच्या वडिलांच्या नकला करायचा, मी हसून हसून बेजार. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं माझ्या घरात दुसरं ताट पडलं नव्हतं.

आकडा दोनशे पस्तीसवर आला. वहिनीने खव्याचे पेढे वाटले! भाऊने दोन खाल्ले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे यायचा बंद झाला. चिठ्ठी मात्र खिशात घेऊन हिंडायचा. राजेगावच्या एका लग्नात मी स्वतः पाहिलं, यजमानाने तुपाची वाटी मागे घेतली तर याने खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या नाकापुढे धरली. “देखो साहब, नॉर्मल है. डालो.” आणि त्याने डालली.

सहा महिन्यांनी, तपासणीला बरोबर वीस दिवस उरले असताना, स्वारी पुन्हा पाटावर हजर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “भाऊ, तू मधल्या दिवसांत काय खातोस?”

“काहून? सगळंच खातो.”

“मग हे कशाला?”

तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला. “साहेब तपासनीले यायच्या आधी आम्ही दप्तर झाडतोच ना? नव्या फिती बांधतो, चुना मारतो. साहेब खूश होऊन जाते. बारा महिने कोन झाडून राह्यलं? अन् रात्रभर उपाशी या असं तेच म्हनतेत. म्हंजे तयारी करूनच यायचं असते.”

तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाचं हे शहाणपण. मी चिडले, रक्त म्हणजे दप्तर नव्हे म्हणाले, एक दिवस अबोला धरला. पण ताट वाढलं. नागपूरच्या डॉक्टरांनी आकडा बघून त्याची पाठ थोपटली, आणि मी, शास्त्र शिकवणारी बाई, शेजारी उभी राहून गप्प बसले. असं पुढेही दोनदा झालं. डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं होतं. वहिनीला एक सांगायचं होतं. भाऊवर माझा राग आहेच, अजून आहे. मरायची एवढी घाई असलेल्या माणसाने असं हसून जेवू नये. पण त्याला निदान कळत नव्हतं. मला कळत होतं...

गेल्या रविवारी वहिनी आली. सोबत माझा भाचा सुधाकर, तिशीतला, दोन लेकरांचा बाप. वडिलांचं असं झालं म्हणून डॉक्टरांनी त्याचंही रक्त तपासायला लावलं होतं. दोनशे नव्वद. वहिनीने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि हात जोडले.

“शालूबाई, तुम्ही यांचा आकडा उतरवला होता. याले बी ठेवून घ्या वीस दिवस. तुमच्या हाताले गुन आहे.”

सुधाकर जेवतो अगदी बापासारखा. क्षणभर मी पीठ किती आहे याचा विचार केला, हेही लिहून टाकते.

“नाही,” मी म्हणाले. “माझ्याकडं नाही. तुमच्या घरी, बारा महिने. वीस दिवसांनी काही होत नाही, वहिनी. भाऊचं कायमचं काहीच उतरलं नव्हतं.” आणि मग सगळं सांगितलं. पाच महिन्यांचं तूप, वीस दिवसांची भाकरी, डॉक्टरांपुढचं माझं गप्प बसणं. वहिनी रडली नाही. तिने चिठ्ठी माझ्या हातातून परत घेतली.

“तुम्हाले समजत होतं,” ती म्हणाली. “मले एक बार सांगितलं असतं, त मी तुपाचा डबा नालीत ओतला असता. काहून नाई सांगितलं?”

शाळेतल्या भाषेत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“सांगितलं असतं त तुम्ही घरीच पथ्याचं केलं असतं वहिनी,” मी म्हणाले. “मग तो माह्याकडं काहून आला असता?”